डिलिव्हरीवर १८ टक्के कर : ज्याच्या घामावर लावला, त्याला काय मिळणार?

२२ सप्टेंबर २०२५ पासून वह्या, पेन्सिली, खोडरबर यांच्यावरचा जीएसटी शून्य झाला. वैयक्तिक आरोग्य विमा आणि आयुर्विम्यावरचा करही गेला. ३ सप्टेंबर २०२५ रोजी दिल्लीत झालेल्या जीएसटी परिषदेच्या ५६व्या बैठकीतले हे निर्णय चांगले आहेत. चांगल्याला चांगलं म्हणायला आपण संकोच करू नये. वहीची किंमत दोन रुपयांनी कमी झाली तरी चार मुलांच्या घरात तो फरक जाणवतो, हे आम्ही शाळेत रोज पाहतो.

पण त्याच बैठकीत, त्याच तारखेपासून लागू होणारा आणखी एक निर्णय झाला. वर्तमानपत्रांत त्याला दोन ओळींची जागा मिळाली. ॲपवरून मागवलेली वस्तू घरी आणून देण्याचं जे भाडं घेतलं जातं, त्या डिलिव्हरी चार्जवर तेव्हापासून १८ टक्के जीएसटी लागू झाला. बिर्याणी असो, औषधाची पट्टी असो की एखाद्या बहिणीने घरी बनवून पाठवलेला डबा असो.

आमचा या कराला विरोध आहे. रक्कम मोठी आहे म्हणून नाही. हा पैसा ज्याच्या मेहनतीवर उभा आहे, त्याच्या वाट्याला त्यातलं काहीच ठेवलेलं नाही, म्हणून.

नेमकं काय बदललं?

गोष्ट थोडी तांत्रिक आहे, पण समजून घेण्यासारखी आहे. जीएसटी कायद्याच्या कलम ९(५) मध्ये काही सेवांची यादी आहे. या सेवा छोटी माणसं देतात, पण ॲपच्या मार्फत देतात. अशा वेळी कर भरण्याची जबाबदारी त्या छोट्या माणसावर न टाकता ॲप चालवणाऱ्या कंपनीवर टाकली जाते. टॅक्सी-रिक्षा या यादीत होतीच. १ जानेवारी २०२२ पासून हॉटेलच्या जेवणाचा समावेश झाला. म्हणून ॲपवरून मागवलेल्या जेवणावर कंपनी ५ टक्के कर लावून सरकारला भरते. आता स्थानिक डिलिव्हरी त्या यादीत आली.

आतापर्यंत कंपन्यांचं म्हणणं असं होतं की डिलिव्हरी चार्ज आमचा नाही, तो आम्ही डिलिव्हरी करणाऱ्याच्या वतीने गोळा करतो आणि त्याला देतो. कर खात्याला ते मान्य नव्हतं. डिसेंबर २०२४ मध्ये ठाण्याच्या जीएसटी आयुक्तालयाने याच मुद्द्यावर झोमॅटोला व्याज आणि दंडासह सुमारे ८०३ कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला होता. म्हणजे भांडण कंपनी आणि सरकार यांच्यात होतं. ते आता मिटलं. पण मिटलं कसं? बिल तिसऱ्याच्या नावावर फाडून.

हिशेब करून पाहू. ३०० रुपयांची बिर्याणी मागवली. जेवणावर ५ टक्के म्हणजे १५ रुपये कर. डिलिव्हरीचे ४० रुपये. त्यावर आता १८ टक्क्यांनी ७ रुपये २० पैसे. प्लॅटफॉर्म फी आणि तिच्यावरचा कर वेगळा. कोणी म्हणेल, सात रुपयांसाठी एवढा आरडाओरडा कशाला? बरोबर आहे, एका ऑर्डरला सातच रुपये. पण एक डिलिव्हरीवाला दिवसाला पंधरा-वीस ऑर्डर करतो. त्याच्या एका दिवसाच्या पायपिटीवर शंभर-सव्वाशे रुपये कर गोळा होईल आणि त्याच्या खात्यात त्यातला एक रुपयाही येणार नाही.

भार कोणावर पडतो?

श्रीमंताला हा कर दिसणारही नाही. मोठी ऑर्डर केली की बहुतेक ॲपवर डिलिव्हरी मोफत मिळते. वर्षाची मेंबरशिप घेतली तरी मोफत मिळते. चार्ज लागतो तो छोट्या ऑर्डरला, आणि जिथे चार्ज तिथेच कर. म्हणजे दीड हजाराचा किराणा एकदम भरणारा सुटतो आणि दीडशे रुपयांचं दूध-अंडी-औषध मागवणारा भरतो.

मुंब्रा, मिरा रोड, कुर्ला, कोंढवा इथल्या कितीतरी घरांत कर्ता पुरुष आखातात आहे. घरात बाई, लहान मुलं आणि गुडघे धरून बसलेली सासू. रात्री नऊ वाजता तापाचं औषध लागलं तर चौथ्या मजल्यावरून उतरून, मुलांना एकटं ठेवून तिने जायचं कुठे? तिच्यासाठी घरपोच सेवा ही चैन नाही. अपंग व्यक्ती, एकटे राहणारे म्हातारे, नुकतीच बाळंत झालेली सून यांचंही तेच आहे.

दुसरा भार घरून धंदा करणाऱ्या आपल्या बहिणींवर आहे. कोणी सांदणं करून देते, कोणी रमजानमध्ये समोसे आणि खिमा पॅटीस, कोणी ऑफिसला जाणाऱ्यांचा डबा. ऑर्डर व्हॉट्सॲपवर येते आणि डबा जातो दुचाकी पार्सलच्या ॲपवरून. मुंब्र्याहून कुर्ल्याला डबा पाठवायला ८० रुपये लागत असतील, तर आता वर १४ रुपये ४० पैसे. वर्षाची उलाढाल मर्यादेच्या खूप खाली असल्यामुळे या बहिणींना जीएसटी नोंदणीची गरज नाही. सरकारनेच त्यांना सूट दिली आहे. पण त्या सुटीचाच इथे तोटा होतो. नोंदणी असलेला मोठा व्यापारी असा भरलेला कर सर्वसाधारण नियमाने आपल्या देण्यातून वजा करून घेऊ शकतो. नोंदणी नसलेल्या बाईला तो रस्ता बंद. तिने तो कर एकतर स्वतः सोसायचा, नाहीतर गिऱ्हाईकाकडे मागून गिऱ्हाईक घालवायचं.

आणि तो पोरगा, जो दारात उभा असतो

आमच्या शाळेतून दहावी होऊन गेलेला एक मुलगा परवा आमच्याच जिन्यात भेटला. पाठीवर ती चौकोनी पेटी, हातात पार्सल, अंगावर पावसाचं पाणी. ‘अस्सलामु अलैकुम सर’ म्हणाला आणि मान खाली घातली. बारावीनंतर कॉलेज सुटलं, वडिलांचा पॉवरलूमवरचा हात गेला, गाडीचा हप्ता चालू आहे. आम्ही विचारलं, परवडतं का रे? म्हणाला, ‘पेट्रोल वजा केलं की ठीक आहे सर. रेट कार्ड सारखं बदलतं. पूर्वी एवढ्याच अंतराचे जास्त मिळायचे. विचारायचं कोणाला? फोन केला तर मशीन बोलतं. जास्त बोललं तर आयडी बंद.’

आयडी बंद. या दोन शब्दांत त्या पोराची सगळी नोकरी आहे. नोटीस नाही, सुनावणी नाही, कारण सांगण्याचं बंधन नाही.

त्याला आमच्यासमोर मान खाली घालण्याचं काही कारण नव्हतं. हलाल रोजी कमावणाऱ्याने लाजावं असं काहीच नाही, हे आम्ही त्याला सांगितलं. पण आम्ही जिना चढलो तेव्हा मनात हाच प्रश्न होता की हा कर लागल्यावर त्याचं रेट कार्ड पुन्हा बदलणार का? गिऱ्हाईक सात रुपये जास्त द्यायला तयार नसेल, कंपनी आपल्या नफ्यातून द्यायला तयार नसेल, तर तो पैसा निघणार कुठून? रांगेत सगळ्यात शेवटी जो उभा आहे, ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्याच खिशातून.

अशी मुलं किती आहेत? नीती आयोगाच्या २०२२च्या अहवालात म्हटलं होतं की २०२०-२१ मध्ये देशात ७७ लाख गिग कामगार होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. त्यात मुसलमान किती, याचा आकडा त्यात नाही. पण सच्चर समितीने २००६ मध्येच दाखवून दिलं होतं की पगारी, कायम नोकरीत आपलं प्रमाण कमी आणि स्वतःच्या जोरावरच्या असंघटित कामात जास्त. यंत्रमाग, गॅरेज, हातगाडी आणि आता डिलिव्हरी. भिवंडी, मालेगाव, औरंगाबाद, सोलापूर इथल्या मोहल्ल्यात फजरनंतर मशिदीबाहेर लागलेल्या गाड्या पाहिल्या तरी अंदाज येतो. अर्थात हा फक्त आपला प्रश्न नाही. त्याच पेट्या पाठीवर घेऊन बीडचा, यवतमाळचा, बिहारचा पोरगाही त्याच सिग्नलवर उभा असतो. ही लढाई सगळ्यांची मिळून आहे.

करासाठी एक, हक्कासाठी दुसरा

या निर्णयात एक मोठी विसंगती आहे. करासाठी कायदा त्या पोराला ‘सेवा पुरवठादार’ मानतो, म्हणजे एक छोटा व्यावसायिक. त्याची कमाई नोंदणीच्या मर्यादेखाली आहे हेही मानतो. कंपनी त्याला ‘पार्टनर’ म्हणते. पण पीएफ विचारला, ईएसआय विचारला, पगारी रजा विचारली की तो कामगार नसतो. काही कंपन्या अपघात विमा देतात, हे मान्य. पण ती कंपनीची मर्जी झाली, त्याचा हक्क नाही झाला.

कर घ्यायचा तर तो व्यावसायिक, नफा वाटायचा तर पार्टनरही नाही, आणि पाय मोडला तर कामगारही नाही. मग तो आहे तरी कोण?

संसदेने २०२० साली सामाजिक सुरक्षा संहिता मंजूर केली. त्यात तरतूद आहे की ॲप कंपन्यांनी आपल्या वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम गिग कामगारांच्या सामाजिक सुरक्षेसाठी द्यावी, आणि ती कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावी. पाच वर्षं झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये कराचा निर्णय झाला तेव्हाही संहिता लागू झालेली नव्हती. २०२५च्या अर्थसंकल्पात गिग कामगारांना ओळखपत्र, ई-श्रम नोंदणी आणि आयुष्मान योजनेतून उपचार देण्याची घोषणा झाली, ती स्वागतार्ह आहे. पण फरक बघा. कामगाराला द्यायचा पैसा पाच वर्षं कागदावर अडकला, आणि त्याच्या कामावर घ्यायचा कर १९ दिवसांत लागू झाला.

वसुली आधी की वाटप आधी?

आपल्याला हा मुद्दा जकातीवरून पटकन कळेल. जकात किती द्यायची हे ठरलेलं आहे, आणि ती कोणाला द्यायची हेही ठरलेलं आहे. सूरह तौबाच्या ६०व्या आयतीत तिचे आठ हकदार सांगितले आहेत. गोळा करणाऱ्याच्या मनाला येईल तिथे ती खर्च करता येत नाही. घेताना कोणाकडून आणि देताना कोणाला, या दोन्ही गोष्टी एकत्र ठरल्या की वसुली न्यायाची होते. मजुराला घाम सुकण्याआधी मजुरी देण्याची शिकवणही आपण लहानपणापासून ऐकतो. देशाचा कर म्हणजे जकात नव्हे, हे आम्हाला माहीत आहे. पण ‘ज्याच्यावरून घेतलं, त्याच्यासाठी काय ठेवलं’ हा प्रश्न कोणत्याही वसुलीला विचारता येतो.

आणि हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना संघटित केलं आणि १९६९ साली माथाडी कायदा आला. माथाडीची अवस्था तेव्हा आजच्या डिलिव्हरीवाल्यासारखीच होती. आज या व्यापाऱ्याचं पोतं, उद्या त्या. मालक कोण ते सांगता येत नाही, म्हणून हक्क कोणाकडे मागायचा तेही कळत नाही. कायद्याने मंडळ नेमलं. व्यापाऱ्याने मजुरी मंडळाकडे भरायची आणि तिच्यावर ठरावीक टक्के लेव्ही भरायची. त्या लेव्हीतून हमालाला पीएफ, ग्रॅच्युइटी, बोनस, दवाखाना. पोतं उचलण्यावर वसुली झाली, पण ती पोतं उचलणाऱ्याच्या नावावर जमा झाली.

दुसरं उदाहरण विडीचं. १९७६च्या कायद्याने विड्यांवर कल्याण उपकर बसवला. त्या निधीतून विडी कामगारांसाठी दवाखाने, घरकुलाला मदत आणि मुलांना शिष्यवृत्ती मिळू लागली. सोलापूर, सिन्नरकडच्या शाळांत शिकवलेल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा, त्याने ते शिष्यवृत्तीचे फॉर्म भरून दिलेले असतात. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर रद्द झाला. विडीवर जीएसटी लागला, तो सरळ सरकारी तिजोरीत गेला. योजना अजून आहेत, पण कामगाराच्या नावाचा वेगळा पैसा राहिला नाही. दरवर्षी अंदाजपत्रकात जे मिळेल ते.

या दोन उदाहरणांतला फरक लक्षात घ्या. नावानिशी घेतलेला पैसा कामगार हक्काने मागू शकतो. बिननावाचा पैसा एकदा तिजोरीत गेला की हात जोडून मागावा लागतो. डिलिव्हरीवरचा हा कर दुसऱ्या प्रकारचा आहे.

शेजारच्या कर्नाटकाने २०२५ मध्ये वेगळा मार्ग धरला. तिथल्या कायद्यात कंपनीने कामगाराला प्रत्येक कामाचं जे मानधन दिलं, त्याच्या १ ते ५ टक्के कल्याण शुल्क भरायचं आहे. त्याचं मंडळ आहे, कामगाराची नोंदणी आहे, आणि काम बंद करण्याआधी कारणासह १४ दिवसांची नोटीस देण्याची तरतूद आहे. राजस्थानने २०२३ मध्येच देशातला असा पहिला कायदा केला होता. १९६९ मध्ये देशाला वाट दाखवणाऱ्या महाराष्ट्रात मात्र सप्टेंबर २०२५ पर्यंत असा कायदा नव्हता.

समोरच्या बाजूचं म्हणणं

‘कुरिअरवर १८ टक्के कर आहेच, मग ॲपला सूट का?’ असं विचारलं जातं. मुद्दा खोटा नाही. एकाच कामावर दोन नियम नसावेत. पण मग समानता दोन्ही बाजूंनी आणा. कर कुरिअर कंपनीसारखा घेत असाल, तर कामावर ठेवलेल्या माणसाचे हक्कही कायद्याने लावा.

‘कंपन्या एवढा धंदा करतात, त्यांनी कर का भरू नये?’ जरूर भरावा. त्यांच्या नफ्यावर आयकर आहे, त्यांच्या प्लॅटफॉर्म फीवर जीएसटी आहे. पण डिलिव्हरी चार्जवरचा कर कंपनी फक्त गोळा करून पुढे पाठवते. तिच्या नफ्याला तो लागत नाही. कंपनीवर कर लावायचा तर तिच्या कमाईवर लावा, पोराच्या भाड्यावर नको.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा आहे. ‘कल्याण मंडळं काढून काय होतं? बांधकाम कामगारांच्या उपकराचे हजारो कोटी पडून राहिले, ते खरं आहे ना?’ हो, खरं आहे. सुप्रीम कोर्टालाही त्यावरून सरकारांचे कान उपटावे लागले. मंडळ असलं म्हणजे काम झालं असं नाही. पण पडून राहिलेल्या पैशाचा जाब विचारता येतो, कारण तो कोणाचा आहे हे लिहिलेलं असतं. ज्याच्यावर नावच नाही, त्याचा जाब विचारायचा कसा?

आमच्या मागण्या

पहिली : स्थानिक डिलिव्हरी चार्जवरचा १८ टक्के कर मागे घ्यावा. एकदम शक्य नसेल तर औषधं आणि ठरावीक रकमेच्या आतल्या छोट्या ऑर्डरना सूट द्यावी, आणि नोंदणी नसलेल्या घरगुती व्यावसायिकांच्या पार्सलला वगळावं.

दुसरी : कर ठेवायचाच असेल तर राज्याने आपला वाटा कामगाराला द्यावा. १८ टक्क्यांतले ९ टक्के केंद्राचे आणि ९ टक्के राज्याचे आहेत. ४० रुपयांच्या डिलिव्हरीवर राज्याला ३ रुपये ६० पैसे मिळतील. ते परत देण्यासाठी महाराष्ट्राला दिल्लीला विचारावं लागत नाही. माथाडीच्या धर्तीवर डिलिव्हरी कामगार मंडळ काढावं आणि तेवढी रक्कम दरवर्षी त्यात जमा करावी. अपघात, आजारपण, मुलांची शिष्यवृत्ती, एवढ्यापासून सुरुवात केली तरी पुष्कळ आहे.

तिसरी : बिलावर डिलिव्हरी चार्ज, त्यावरचा कर आणि त्यातले डिलिव्हरी करणाऱ्याला मिळालेले पैसे, हे तिन्ही आकडे वेगवेगळे छापावेत. म्हणजे रेट कार्ड गुपचूप कमी झालं की ग्राहकालाही कळेल.

जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश आणि सगळ्या राज्यांचं मिळून दोन तृतीयांश असतं. निर्णयाला तीन चतुर्थांश मतं लागतात. म्हणजे राज्यांना डावलून तिथे काही होत नाही. ‘हे दिल्लीचं आहे, आमच्या हातात नाही’ असं कोणी आमदार म्हणाला, तर त्याला हे नम्रपणे सांगायला हवं.

आपण काय करायचं?

सरकारकडे मागणं मागताना आपल्या हातातलंही करायला हवं. मोहल्ल्यातल्या ज्या मुलांची ई-श्रम नोंदणी झालेली नाही, ती करून द्या. मशिदीच्या कमिटीने किंवा शाळेने एका रविवारी दोन लॅपटॉप घेऊन बसलं तरी शंभर मुलांचं काम होईल. आधार, मोबाईल आणि बँक खातं एवढंच लागतं. मंडळ उद्या आलं तर नोंद असलेल्यालाच आधी लाभ मिळेल. माथाडी संघटित होते म्हणून कायदा आला, हे मुलांना सांगा. कोणत्याही धर्माच्या, कोणत्याही ॲपच्या मुलांबरोबर युनियनमध्ये बसायला लावा. आपल्या भागाच्या आमदाराला अर्ज द्या, पोच घ्या आणि हिवाळी अधिवेशनात प्रश्न विचारायला सांगा.

आणि एक घरातली गोष्ट. पावसात भिजून आलेल्या मुलाला दारात पाच मिनिटं थांबवून ‘सुट्टे नाहीत’ म्हणणारे आपल्यातही आहेत. चौथ्या मजल्यावर लिफ्टने येऊ नको म्हणणाऱ्या सोसायट्या आपल्याही वस्तीत आहेत. सरकारला न्याय शिकवण्याआधी आपल्या दारात तो सुरू व्हावा. पाणी विचारा, नाव विचारा, जमलं तर वरचे दहा रुपये ॲपमध्ये नाही, हातात द्या.

तो मुलगा जिना उतरताना म्हणाला होता, ‘सर, पुढच्या वर्षी कॉलेजचा फॉर्म भरायचाय.’ त्याने गोळा करून दिलेल्या करातून रस्ते होतील, पूल होतील, ते व्हायलाच हवेत. पण त्यातला थोडा हिस्सा त्याच्या फॉर्मच्या फीपर्यंत पोचावा, एवढंच आपलं मागणं आहे. २२ सप्टेंबर २०२५ रोजी कर सुरू झाला. आपली मागणी पोचली पाहिजे, आणि थांबता कामा नये.